पुण्यातली पहिली इनसेम: नव्याने आलेल्यांनी हंगाम कसा काढायचा

ॲडमिशन होते, रूम मिळते, मेस लागते, कोणती बस कुठून सुटते हे जरा कळायला लागतं आणि तेवढ्यात नोटीसबोर्डावर इनसेमचं, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेचं, वेळापत्रक झळकतं. नवखे म्हणतात, "आत्ता कुठे लेक्चर सुरू झालीत, परीक्षा कसली?" सीनियर म्हणतात, "तीसच मार्कांची आहे रे, एका रात्रीत होते." दोघांचंही ऐकू नका.

आधी हिशेब समजून घ्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या २०१९ पॅटर्नमध्ये (पॅटर्न म्हणजे त्या साली लागू झालेला अभ्यासक्रम आणि परीक्षेची पद्धत) थिअरीच्या विषयाला शंभर मार्क असतात. त्यातले ३० इनसेमला आणि ७० एंडसेमला, म्हणजे सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेला. इनसेम एक तासाची, पहिल्या दोन युनिटवर. एंडसेम अडीच तासांची, उरलेल्या चार युनिटवर. नव्या पॅटर्नमध्ये हेच तीस मार्क सीसीई, म्हणजे सतत सर्वंकष मूल्यमापनाच्या नावाखाली कॉलेजकडे असतात. बीए, बीकॉम, बीएस्सीवाले त्याला 'इंटर्नल' म्हणतात आणि तिथे लेखी चाचणीबरोबर प्रकल्प, सादरीकरण असंही काही असतं. स्वायत्त कॉलेजांत नाव मिडसेम, एमएसई, टेस्ट वन असं काहीही असेल. नाव वेगळं असलं तरी हंगाम साधारण तोच: ऑगस्ट-सप्टेंबर आणि पुढच्या सेमला फेब्रुवारी-मार्च.

माझं मत विचाराल, तर या परीक्षेत अभ्यास कमी पडून जितके मार्क जातात, त्याहून जास्त वेळेची वाटणी चुकल्यामुळे जातात. म्हणून हा लेख बराचसा वाटणीबद्दल आहे. हाताशी तीन आठवडे आहेत असं धरून चालू. दोनच असतील तर पायऱ्या त्याच, फक्त पाय जरा उचला.

पहिली पायरी: पेपर बघा, पुस्तक नंतर

विद्यापीठाच्या वेबसाइटवरून आपल्या ब्रँचचा, आपल्या वर्षाचा आणि आपल्याच पॅटर्नचा सिलॅबस उतरवून घ्या. पॅटर्न तपासणं महत्त्वाचं. सीनियरने प्रेमाने पाठवलेली पीडीएफ जुन्या पॅटर्नची निघते आणि त्यात युनिटची उलटापालट झालेली असते. विषयाचा कोड जुळवून बघा, नावावर जाऊ नका.

मग मागचे चार-पाच पेपर काढा. इनसेमचा नेहमीचा साचा असा: प्रश्न १ किंवा २, प्रश्न ३ किंवा ४, प्रत्येकी १५ मार्क. पहिली जोडी युनिट एकवर, दुसरी युनिट दोनवर. हा साचा नीट डोक्यात भिनू द्या, कारण पहिल्या वर्षाची मुलं हमखास इथेच फसतात. "मी युनिट एक एकदम पक्कं करतो, दोन ऑप्शनला टाकतो," असं ठरवलं, की तुम्ही पेपर हातात यायच्या आधीच १५ मार्क सोडलेले असतात. पर्याय युनिटच्या आत आहे, दोन युनिटमध्ये नाही. म्हणून दोन्ही युनिट निम्मी-निम्मी आली, तर ती एक पूर्ण येण्यापेक्षा बरी पडतात, कारण दोन्ही जोड्यांत काहीतरी लिहिता येतं.

आता एक कोरा कागद आडवा धरा. डावीकडे सिलॅबसमधले टॉपिक उतरवा, वर पेपरांची वर्षं लिहा. कोणत्या पेपरात कोणता टॉपिक किती मार्कांना आला, ते चौकटीत भरा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. कागद भरला की डोळ्यांना दिसतं की काही टॉपिक दर वेळी हजेरी लावतात, काही अधूनमधून डोकावतात आणि काही सरांनी दोन लेक्चर शिकवूनही पेपरात आलेलेच नाहीत. शेवटच्या प्रकारातले सोडून द्या असं मी म्हणत नाही. ते शेवटी करा, इतकंच. शिवाय प्रश्नातलं क्रियापदही टिपून ठेवा: डिफाइन, एक्सप्लेन, डिराइव्ह की न्युमरिकल. एकाच टॉपिकवर कायम डेरिव्हेशनच येत असेल, तर त्याची व्याख्या घोकून उपयोग नाही.

ज्यांचं इंटर्नल कॉलेज स्वतः घेतं, त्यांना मागचे पेपर सहज मिळत नाहीत. त्यांनी शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना सरळ विचारावं, "पेपर किती मार्कांचा, किती वेळाचा, कोणत्या घटकांवर?" हे विचारण्यात काही गैर नाही, आणि बहुतेक जण सांगतात. विचारतच कोणी नाही, ही खरी अडचण आहे. त्याच वेळी पासिंगचा नियमही विचारून घ्या: इंटर्नल आणि एक्स्टर्नल मिळून पास व्हायचंय, की दोन्हीत वेगवेगळं? उत्तरावर तुमचं सगळं गणित फिरतं.

दुसरी पायरी: कॅलेंडर, आणि त्यात गणपती

दुसऱ्या शहरात ही पायरी दोन ओळींत आटपली असती. पुण्यात नाही.

पहिल्या सेमची इनसेम बहुधा गणपतीच्या आगेमागेच येते. दहा दिवस पेठांमध्ये संध्याकाळनंतर रस्ते बंद, स्पीकर चालू. तुमची रूम सदाशिव, नारायण, शनिवार किंवा बुधवार पेठेत असेल, तर संध्याकाळी सातनंतर रूमवर बसून अभ्यास होईल हा भ्रम आत्ताच सोडा. त्या दिवसांत पहाटे पाच ते नऊ ही वेळ सोन्यासारखी असते. रात्रभर जागलेली पेठ तेव्हा गाढ झोपलेली असते. विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते. लक्ष्मी रोड, टिळक रोड, कुमठेकर रोड, केळकर रोड सगळे भरलेले असतात. अनंत चतुर्दशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी गावात काही काम निघेल असं नियोजन करू नका. पाठोपाठ पेपर असेल, तर कोथरूड, कर्वेनगर, औंध अशा ठिकाणच्या मित्राकडे एक रात्र मुक्काम टाका.

मिरवणूक बघायची की नाही? बघा की! पुण्यात पहिलं वर्ष आहे. मानाचे पाच गणपती, कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा, सकाळी मंडईपासून निघतात. ते बघून दुपारी परत फिरा. रात्री दोन वाजता अलका चौकात उभं राहण्यासाठी पुढची तीन वर्षं आहेत.

ढोल-ताशा पथकात नाव घातलं असेल, तर जरा स्पष्ट बोलतो. सराव पावसाळ्यात सुरू होतो, रोज संध्याकाळी जातो, आणि ढोल वाजवून आल्यावर हातात पेन धरवत नाही. पथक सोडू नका, पण वेळापत्रक लागल्या दिवशी पथकप्रमुखाला पेपरच्या तारखा कळवा. पथकात निम्मे कॉलेजचेच असतात, हे त्यांना नवीन नाही. हेच पुरुषोत्तम करंडकवाल्यांना, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत उतरणाऱ्यांना. प्राथमिक फेरी साधारण याच दिवसांत भरत नाट्य मंदिरात असते, तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात. एकांकिकेत असाल तर तुमचे दिवस मोजताना तालमीचे दिवस अर्धेच धरा. "तालमीच्या मध्ये बॅकस्टेजला वाचेन," असं सगळे म्हणतात. वाचत कोणी नाही.

गौरी-गणपतीला गावी जायचं असेल, तर जाण्याचं आणि येण्याचं तिकीट एकदमच काढा. परतीच्या दिवशी एसटी खचाखच आणि ट्रॅव्हल्सचे दर दुप्पट, हा दरवर्षीचा अनुभव आहे. आणि शिवाजीनगरहून सुटणाऱ्या म्हणतात त्या एसट्या २०१९च्या शेवटापासून वाकडेवाडीहून सुटतात, हे नव्याने आलेल्यांना कोणी सांगत नाही. गावी जाताना पुस्तकांची बॅग नेऊ नका. एक विषय, एक वही. घरी आई, मावश्या, चुलतभावंडं यांच्या गोतावळ्यात तेवढं झालं तरी खूप.

हे सगळं कॅलेंडरवर मांडल्यावर जे दिवस मोकळे उरतात, तेवढेच तुमचे. एकवीसमधले बारा उरले तर बाराचंच नियोजन करा. कागदावर एकवीस दिवसांचा सुंदर रंगीत तक्ता करणं हा अभ्यास टाळण्याचा सगळ्यात प्रतिष्ठित प्रकार आहे.

तिसरी पायरी: पुस्तकं

अप्पा बळवंत चौक. सगळे एबीसी म्हणतात. विषयाचं नाव, वर्ष, ब्रँच आणि पॅटर्न सांगितलं की काउंटरवरचा माणूस वर न बघता पुस्तक काढून देतो. जुनी पुस्तकंही तिथे मिळतात आणि सेम संपल्यावर परत घेणारी दुकानंही आहेत. त्यामुळे पुस्तकावर पेनने रेघा मारू नका, पेन्सिल वापरा. गणपतीत त्या चौकात गाडी नेणं म्हणजे शिक्षा, तेव्हा खरेदी आधीच उरकून घ्या.

इथल्या स्थानिक प्रकाशनांची, पेपरच्या साच्यात बसवलेली पुस्तकं सगळे वापरतात. प्राध्यापक त्यांना नावं ठेवतात आणि ते अगदीच चूक नाही, कारण त्यात संकल्पना घाईत उरकलेली असते. माझा सल्ला: संकल्पना लायब्ररीतल्या मूळ संदर्भग्रंथातून किंवा वर्गातल्या नोट्समधून घ्या, उत्तराची बांधणी स्थानिक पुस्तकातून. एका विषयाला तीन-तीन पुस्तकं आणि चार जणांच्या नोट्सची झेरॉक्स जमवलीत, तर एकही वाचून होणार नाही.

चौथी पायरी: बसायचं कुठे

आधी कॉलेजची रीडिंग रूम बघा. परीक्षेच्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी वेळ वाढवून देतात. विद्यापीठाच्या आवारात शिकणाऱ्यांना जयकर ग्रंथालय आहेच. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड या भागात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, महिन्याच्या फीवर एक टेबल, एक दिवा, एक प्लग मिळतो. तिथे बहुतेक एमपीएससी-यूपीएससीवाले असतात. त्यांची शांतता पाहून आपोआप मोबाइल खिशात जातो, हा मोठा फायदा. पण फक्त तीन आठवड्यांसाठी पैसे भरण्याआधी एक दिवस नुसतं बसून बघा. हवा येते का, लाइट गेली तर काय, मुलींसाठी रात्री परतण्याची सोय कशी आहे, याची चौकशी करा.

रूमवर अभ्यास होत असेल तर उत्तमच. रूम पार्टनरची परीक्षा वेगळ्या आठवड्यात असेल, तर त्याला तुमच्या तारखा भिंतीवर लिहून दाखवा. तोंडी सांगितलेलं तो विसरतो.

पाचवी पायरी: अभ्यास

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.

बारावीपर्यंतची सवय अशी, की धडा वाचायचा, हायलायटर फिरवायचा, परत वाचायचं. तिसऱ्या वेळी वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला येतंय असा समज होतो. ओळखीचं वाटणं आणि कोऱ्या कागदावर उतरवता येणं यात फार अंतर आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांतच झपाट्याने निसटतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांचे गट करून पाहिलं: काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. रात्री वाचून सकाळी पेपर देणाऱ्याला एखादा विषय निभतो आणि सलग पाच पेपरांत तो का कोलमडतो, हे यातून कळतं.

तेव्हा पद्धत अशी. थिअरीचा टॉपिक असेल तर एकदा लक्ष देऊन वाचा, पुस्तक मिटा, आणि कागदावर आठवेल ते लिहा. आकृती, मुद्दे, सूत्र, काहीही. अडलं तरी दोन मिनिटं तसंच बसा, लगेच पुस्तक उघडू नका. मग उघडा आणि राहिलेलं लाल पेनने भरा. दुसऱ्या दिवशी फक्त लाल भाग आठवून बघा. तीन-चार दिवसांनी पुन्हा एकदा. वहीतला लाल रंग कमी होत जाताना दिसतो. कंटाळवाणं आहे, पण वेळ कमी लागतो.

गणिताचं बघू. सेकंड इयरच्या एम-थ्रीमध्ये, म्हणजे इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स थ्रीमध्ये, पहिलं युनिट लिनिअर डिफरन्शियल इक्वेशन्सचं. त्यातलं व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्स घ्या. उजव्या बाजूला टॅन टू एक्स असलेलं नेहमीचं गणित. सोडवलेलं वाचताना सगळं सरळ दिसतं: मुळं काढली, कॉम्प्लिमेंटरी फंक्शन लिहिलं, रॉन्स्कियन आला दोन, मग दोन इंटिग्रल. स्वतः करायला बसलं की पहिल्या इंटिग्रलमध्ये साइन वर्ग भागिले कॉस असं काहीतरी समोर येतं आणि गाडी अडते. तिथे साइन वर्गाच्या जागी एक वजा कॉस वर्ग लिहायचं असतं, मग ते सेक वजा कॉस होऊन पटकन सुटतं. ही एवढीशी युक्ती वाचताना नजरेखालून निसटते. हाताने एकदा अडून सुटली की पेपरमध्ये आठवते. म्हणून प्रत्येक प्रकारचं एक सोडवलेलं उदाहरण बघा, ते झाकून स्वतः करा, आणि मग मागच्या पेपरमधलं तसंच एक, घड्याळ लावून. वहीच्या शेवटच्या पानावर 'कुठे अडलो' अशी यादी ठेवा. पेपरच्या सकाळी तेवढंच पान वाचायचं.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. विषय समजतो, पण इंग्रजीत वाक्य जुळत नाही, आणि मग माणूस पाठांतराकडे वळतो. समजून मराठीतच घ्या, यूट्यूबवर मराठीत, हिंदीत भरपूर आहे, त्यात कमीपणा नाही. पण लिहिण्यासाठी प्रत्येक टॉपिकची व्याख्या आणि चार-पाच वाक्यं इंग्रजीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवा आणि मोठ्याने म्हणा. आकृती आणि मुद्देसूद मांडणी असेल तर साध्या, तोडक्या इंग्रजीतल्या उत्तरालाही मार्क मिळतात. तपासणारे टेक्निकल शब्द शोधत असतात, अलंकार नाही. बीए-बीकॉमला मराठीतून उत्तरं लिहिण्याची सोय असेल तर ती बिनधास्त घ्या, फक्त अख्खा पेपर एकाच माध्यमात लिहा.

ग्रुप स्टडीबद्दल थोडक्यात: तिघांपेक्षा जास्त नको, आणि प्रत्येकाने आधी स्वतः करून आलेलं असलं पाहिजे. एकाने दुसऱ्याला फळ्यावर समजावून सांगायचं. सगळेच कोरे आले, तर तो ग्रुप चहाला जातो.

सहावी पायरी: सबमिशनचा काटा

इनसेमच्या तोंडावर जर्नल, असाइनमेंट, मिनी प्रोजेक्टचा रिव्ह्यू हे सगळं एकदम अंगावर येतं. दोन गोष्टी करा. पहिली, लिहिण्याचं यांत्रिक काम दिवसाच्या मरगळलेल्या वेळी ठेवा, दुपारी जेवणानंतर. सकाळचा ताजा वेळ जर्नल उतरवण्यात घालवू नका. दुसरी, तारीख पुढे ढकलून हवी असेल तर सीआरने, म्हणजे वर्गप्रतिनिधीने, वर्गाच्या वतीने आठवडाभर आधी विचारावं, आणि सोबत टाइमटेबल घेऊन जावं. आदल्या दिवशी पंधरा जण केबिनबाहेर उभे राहिले, की सर वैतागणारच.

हजेरीकडेही लक्ष असू द्या. अभ्यासासाठी लेक्चर बुडवलं आणि डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलं, की पालकांचं पत्र, अंडरटेकिंग यातच दोन दिवस जातात.

सातवी पायरी: पोट आणि झोप

रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात. सोमवारी पेपर असेल तर आधीच सोय बघा, म्हणजे रात्री नऊला उपाशीपोटी वडापाव शोधत फिरावं लागणार नाही. पावसाळ्यात उघड्यावरचं पाणी आणि चटण्या टाळा. पेपरच्या आठवड्यात पोट बिघडलं की सगळी वाटणी कोसळते. अमृततुल्यचा चहा दिवसाला दोन-तीन कप ठीक, रात्री अकरानंतर नको.

सहा-सात तास झोपा. वाचलेलं डोक्यात मुरण्याचं काम झोपेतच होतं. रात्र जागून काढायचीच असेल तर ती पहिल्या पेपरच्या आधी मुळीच नको, कारण तिची भरपाई पुढच्या सलग पेपरांत होत नाही.

आणि नुसता ताण नव्हे, तर झोप उडाली, रडू आवरत नाही, सगळं संपवावंसं वाटतं इतकं झालं, तर थांबू नका. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. घरच्यांना आणि एका मित्राला तरी सांगा.

आठवी पायरी: पेपरचा दिवस

आदल्या रात्री बॅग भरा: आयकार्ड, हॉल तिकीट दिलं असेल तर ते, दोन पेनं, पेन्सिल, पट्टी, आणि प्रोग्रॅम न करता येणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर. ऐनवेळी मित्राचा कॅल्क्युलेटर घेतला तर तो रेडियनवर सेट असतो आणि सगळी उत्तरं चुकतात. बसल्यावर आधी डिग्री-रेडियन बघायची सवय लावा. कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, कारण पाऊस विचारून येत नाही.

घरून किती लवकर निघायचं? नेहमीच्या वेळेत अर्धा तास मिळवा, पाऊस असेल तर आणखी. मेट्रोच्या जवळ राहत असाल तर मेट्रोच बरी. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या दोन मार्गिका सिव्हिल कोर्टला एकमेकींना मिळतात. विद्यापीठ चौकातून बसने किंवा गाडीने जाणाऱ्यांनी वेळेचा अंदाज बांधायचा नाही, सरळ लवकर निघायचं.

आता तो एक तास. ६० मिनिटं, ३० मार्क, म्हणजे मार्काला दोन मिनिटं. पहिली तीन मिनिटं चारही प्रश्न वाचा आणि दोन्ही जोड्यांतले प्रश्न निवडून टिक करा. एकदा निवडलं की मागे फिरू नका, अर्धा प्रश्न १ आणि अर्धा प्रश्न २ लिहिणाऱ्याचे हाल होतात. मग जो प्रश्न पक्का येतो तो आधी, २७ मिनिटं. घड्याळात तिसावं मिनिट लागलं की वाक्य अर्धवट असलं तरी खाली चार ओळी जागा सोडून दुसऱ्याकडे वळा. २७ मिनिटं तिकडे, शेवटची तीन सीट नंबर, प्रश्न क्रमांक, एकक, आकृतीची नावं बघायला. तिसाव्या मिनिटाला वळणं जड जातं, कारण येणारं उत्तर सजवायचा मोह असतो. पण १५ पैकी १२ झालेल्या उत्तरात आणखी दहा मिनिटं घातली तर एखादा मार्क वाढतो, आणि न लिहिलेल्या उत्तरात तीच दहा मिनिटं पाच मार्क आणतात.

ज्यांना लेखनिक लागतो किंवा दिव्यांगत्वामुळे जादा वेळ मिळतो, त्यांना तासाला किमान २० मिनिटं देण्याची तरतूद आहे. त्यासाठी अर्ज आणि प्रमाणपत्राची प्रत वेळापत्रक लागताच परीक्षा विभागात द्या, पेपरच्या दिवशी धावपळ करून काही होत नाही.

बाहेर आल्यावर उत्तरं जुळवत कट्ट्यावर उभे राहू नका. उद्या दुसरा पेपर आहे. जेवा, तासभर झोपा, 'कुठे अडलो'चं पान काढा.

पेपर खराब गेला किंवा चुकला तर

खराब गेला तर शांतपणे गणित मांडा. एकत्र पासिंग असेल आणि ३० पैकी १० मिळतील असं वाटत असेल, तर एंडसेमला ७० पैकी ३० लागतील. जमण्यासारखं आहे, फक्त २०१९ पॅटर्नमध्ये तिथे युनिट तीनपासून पुढचंच येतं, म्हणून युनिट एक-दोनवर रडत बसायला जागाच नाही. वेगवेगळं पासिंग असेल तर इंटर्नलची फेरपरीक्षा किंवा सुधारणेची संधी कधी असते, हे त्याच आठवड्यात विचारून घ्या.

ताप, डेंग्यू, अपघात यामुळे पेपर बुडणार असेल, तर त्याच दिवशी क्लास टीचरना मेसेज आणि मेल, दोन्ही. डॉक्टरांचं सर्टिफिकेट नंतर मागायला गेलं की तारखांचा घोळ होतो, तेव्हा तपासायला गेलात त्याच दिवशी घ्या, रिपोर्ट आणि औषधांची बिलं सांभाळा. बरं वाटलं की लेखी अर्ज घेऊन ऑफिसात जा. अर्ज नुसता खिडकीत सरकवून येऊ नका. दोन प्रती न्या, एक त्यांना द्या आणि दुसरीवर इनवर्ड नंबर, तारीख आणि शिक्का घेऊनच परत फिरा.